पावसाळ्यापूर्वी सरपणाची वाळवण व परसातील खोप

कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकरी पावसाळ्याची तयारी फार आधीपासून करीत असतो. राब भाजणे, बांधबंदिस्ती करणे, बी निवडणे, घर शाकारणे ही कामे मृग नक्षत्रापूर्वी उरकली पाहिजेत, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. परंतु ज्या सरपणावर पुढील चार महिने घरची चूल चालावयाची, त्याच्या तयारीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. लाकडे वैशाखात जंगलातून येतात, अंगणात ढीग घातला जातो, आणि आभाळ भरून आले म्हणजे त्यावर एखादी ताडपत्री ओढली जाते. आषाढात ती लाकडे चुलीत फुसफुसू लागतात, घर धुराने भरते, आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनीस फुंकणी हातातून खाली ठेवता येत नाही.

चौक हे गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर माथेरान, प्रबळगड व इरशाळगड यांच्या डोंगररांगेजवळ वसलेले आहे. या भागात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर व त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि त्यांपैकी बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. यामुळे येथील सरपणाचा प्रश्न देशावरील कोरड्या तालुक्यांहून वेगळा आहे. तेथे लाकूड वर्षभर केव्हाही वाळते. येथे ते मृगापूर्वी वाळले तर वाळले. त्यानंतर वाळविण्याची संधी दिवाळीपर्यंत मिळत नाही. सरपणाची खोप लाकूड वाळवीत नाही. ती वाळलेले लाकूड राखते. हा एक मुद्दा ध्यानात ठेवल्यास पुढील सर्व सूचना आपोआप समजतील.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅसची शेगडी आली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि आंघोळीचे पाणी, भाकरी, मोठ्या कुटुंबाचा भात यांसाठी पुष्कळ घरांत चूल पेटतेच. आणि टाकी संपली म्हणजे सर्वच भार तिच्यावर पडतो. म्हणून सरपण नीट ठेवण्याचे ज्ञान आजही उपयोगाचे आहे.

ओल्या लाकडाने होणारे नुकसान

ताज्या तोडलेल्या लाकडात पाण्याचे प्रमाण जातीप्रमाणे बदलते. पुष्कळदा ते वजनाच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणजे २५ किलो वजनाची ओली मोळी डोक्यावरून आणणारी स्त्री सुमारे १२ किलो पाणीच डोंगरावरून खाली आणीत असते. तेच लाकूड नीट वाळले म्हणजे त्यातील पाणी २० टक्के किंवा त्याहून कमी होते.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोपासून अदमासे ४,४०० किलोकॅलरी उष्णता मिळते. २० टक्के पाणी असलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,४०० आणि निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडापासून केवळ १,९०० किलोकॅलरी मिळते. कारण एक तर वजनात लाकूडच कमी असते, आणि दुसरे म्हणजे त्यातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते.

येथे कोणी असे विचारील की, दोन किलो ओले लाकूड वाळून सव्वा किलो होते. मग दोहोंतील उष्णतेचा फरक किती? हिशेबाने पाहता दोन किलो ओल्यापासून ३,८०० व त्याच्याच सव्वा किलो वाळलेल्यापासून ४,२५० किलोकॅलरी, म्हणजे फरक सुमारे दहा टक्क्यांचा. परंतु खरे नुकसान याहून मोठे आहे. लाकडातील पाणी निघून जाईपर्यंत त्या भागाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर चढत नाही. लाकडातून निघणारे ज्वलनशील वायू नीट पेटण्यास मात्र सुमारे ६०० अंश तापमान लागते. तेवढी धग न मिळाल्याने ते वायू न जळताच धुराच्या रूपाने बाहेर पडतात. धूर म्हणजे न जळलेले सरपणच होय. म्हणूनच ओले लाकूड वापरणाऱ्या घरात तेवढ्याच स्वयंपाकास पुष्कळ जास्त लाकूड लागते.

या धुराचा परिणाम केवळ सरपणाच्या खर्चापुरता राहत नाही. बंद स्वयंपाकघरातील धुरामुळे डोळे चुरचुरतात, जुनाट खोकला व दम्यासारखे श्वसनाचे विकार जडतात आणि चुलीजवळ वावरणाऱ्या लहान मुलांस न्यूमोनियाचा धोका वाढतो. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात आणि त्याच दिवसांत सरपण सर्वांत ओले असते. दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून हे चार महिने सर्वांत कठीण जातात.

लाकूड कसे वाळते

लाकडातील पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून व फोडलेल्या बाजूंतून बाहेर पडते. साल पाण्यास अडवून धरते. ऐनासारख्या जाड सालीच्या झाडाचा अखंड ओंडका सबंध उन्हाळा उन्हात पडून राहिला तरी त्याचा गाभा ओलाच राहतो. यास्तव लाकूड लवकर वाळावयास हवे असेल, तर दोन गोष्टी कराव्या लागतात : ते आखूड कापणे व ते फोडणे. मनगटापेक्षा जाड असलेले प्रत्येक लाकूड निदान एकदा तरी फोडलेच पाहिजे. बहुतेक जातींचे लाकूड ओले असतानाच सुलभतेने फुटते. वाळल्यावर गाठाळ लाकडास पाचर व घण लावूनही दमावे लागते. म्हणून आणल्यापासून आठ-पंधरा दिवसांत फोडणी उरकावी.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. ऊन लाकडातील ओल पृष्ठभागावर आणते आणि वारा ती वाहून नेतो. ढिगाच्या आत वारा शिरला नाही, तर वरची लाकडे वाळतात व मधली बुरसतात. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेल्या ढिगात हेच घडते. आतली ओल बाहेर पडू न शकल्याने ती रात्री प्लॅस्टिकच्या आतील अंगास थेंबांच्या रूपाने जमते व पुन्हा लाकडावर ठिबकते. ताडपत्री घालावयाचीच झाली तर फक्त माथ्यावर घालावी. बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

लाकूड हवेतील दमटपणाप्रमाणे ओल घेते व सोडते, हेही ध्यानात असावे. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत फोडलेले लाकूड १० ते १२ टक्के ओलीपर्यंत उतरू शकते. श्रावणात हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा छपराखालचे कोरडे लाकूडही हळूहळू ओल घेऊन १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढते. तेवढ्या ओलीचे लाकूड चुलीत नीट जळते. म्हणजे उन्हाळ्यात कमावलेला कोरडेपणा पावसाळ्यात थोडा खर्च होणारच. परंतु मुळात तो कमावलेला असला पाहिजे. मेअखेर ३५ टक्के ओल असलेले लाकूड खोपीत भरले, तर ते श्रावणात वाळत नाही, कुजते.

वर्षाचे वेळापत्रक

सणवारांच्या खुणांवर हे वेळापत्रक बसविल्यास लक्षात ठेवणे सोपे जाईल.

दिवाळीनंतर : भाताची झोडणी आटोपली की सरपण जमविण्यास आरंभ करावा. वाळून पडलेल्या फांद्या, मेलेली झाडे, बांधावरची छाटणी यांस प्राधान्य द्यावे. शक्य असेल तेथे तोडलेले लाकूड लगेच न आणता दोन-तीन आठवडे जागीच उभे टेकून ठेवावे. त्यायोगे डोक्यावरचा भार पुष्कळ हलका होतो.

संक्रांतीपर्यंत : सर्व लाकूड चुलीच्या मापाने कापून व फोडून व्हावे. दीड फूट लांबी बहुतेक चुलींस योग्य ठरते.

संक्रांत ते अक्षय तृतीया : अंगणात किंवा खळ्यावर, दगडांवर आडव्या बल्ल्या टाकून, मोकळी थप्पी रचून लाकूड उन्हा-वाऱ्यात वाळू द्यावे. थप्पी थेट जमिनीवर कधीही रचू नये.

अक्षय तृतीयेनंतर : वाळल्याची खात्री करून लाकूड खोपीत भरावे. मे महिन्यात वळवाची सर केव्हाही येते. एका सरीने वाळलेले लाकूड वाया जात नाही, वरचेवरची ओल दोन दिवसांच्या उन्हात निघून जाते. परंतु पुन्हा पुन्हा भिजू देऊ नये.

रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या अखेरच्या आठवड्यात : खोपीच्या पावसाच्या अंगास ताट्या बांधाव्यात, पन्हळीचा चर मोकळा करावा, छपराची डागडुजी तपासावी.

लाकूड वाळल्याची परीक्षा

वाळलेल्या लाकडाच्या टोकांस चिरा पडतात, साल सैल होऊन निघू लागते, व दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता टणत्कार निघतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. चुलीत घातल्यावर टोकाशी फेस येऊन फुसफुस झाली, तर लाकूड निश्चितपणे ओले समजावे.

याहून खात्रीची परीक्षा वजनाची होय. थप्पी रचताना निरनिराळ्या जाडीचे पाच तुकडे निवडावेत, त्यांवर कोळशाने किंवा खडूने आकडे घालावेत, वजन करून वहीत टिपावे व ते थप्पीच्या मध्यभागी हाताला लागतील असे ठेवावेत. दर पंधरा दिवसांनी ते काढून पुन्हा वजन करावे. आरंभी वजन झपाट्याने उतरते, पुढे मंदपणे. लागोपाठ दोन पंधरवडे वजनात फरक पडला नाही म्हणजे लाकूड वाळले. त्या वेळी ते मूळ वजनाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास भरते. जातीप्रमाणे थोडे कमीअधिक असेल.

कोणते लाकूड कशासाठी

वाळलेले लाकूड कोणत्याही जातीचे असो, एका किलोमागे त्यातून मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते. फरक असतो तो घनतेत व जळण्याच्या वेगात. ऐन, किंजळ, धावडा, खैर, बाभूळ यांची लाकडे जड असतात. ती सावकाश जळतात व त्यांचे निखारे टिकतात. पांगारा व सावर यांची लाकडे हलकी असून ती भरकन पेटतात व भरकन संपतात. ती विस्तव घालण्यासाठी ठेवावीत. आंबा व गिरिपुष्प ही मधल्या प्रतीची होत. खरेदी करताना जड लाकूड मापावर व हलके लाकूड वजनावर घेतल्यास फसगत होत नाही. मात्र वजनावर घेताना ते ओले नाही ना, हे अवश्य पाहावे. नाहीतर पाण्याचे पैसे मोजावे लागतात.

बिब्ब्याचे व कण्हेराचे लाकूड चुलीत घालू नये. त्यांचा धूर अपायकारक असतो. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, डांबर लावलेले खांब व प्लॅस्टिक हीही स्वयंपाकाच्या चुलीत कधी जाळू नयेत.

खोप किती मोठी असावी

आठवडाभर रोजच्या वापराचे लाकूड तोलून सरासरी काढावी. एखाद्या घरात रोज ६ किलो लाकूड लागत असेल, तर पावसाळ्याच्या १२० दिवसांस ७२० किलो लागेल. त्यात चौथा हिस्सा, म्हणजे १८० किलो, राखीव धरल्यास एकूण ९०० किलो होते. नीट रचलेल्या वाळक्या लाकडाच्या थप्पीत एका घनफुटास सुमारे १२ किलो लाकूड मावते. म्हणजे ७५ घनफुटांची थप्पी पुरे. सहा फूट लांब, साडेचार फूट उंच व दीड-दीड फुटी दोन रांगा मिळून तीन फूट रुंद अशा थप्पीत ८१ घनफूट लाकूड राहते.

खोपीस असे दोन खण ठेवावेत. एका खणात यंदाचे व दुसऱ्यात पुढील वर्षाचे लाकूड राहील. जाड व गाठाळ लाकडास दोन उन्हाळे मिळाल्यास ते उत्तम वाळते. शिवाय ज्या वर्षी आजारपणामुळे किंवा लग्नकार्यामुळे वेळेवर सरपण जमविता आले नाही, त्या वर्षी घराची अडचण होत नाही.

जागा व बांधणी

जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी व वाऱ्याच्या वाटेवरची असावी. घर, गोठा व पेंढ्याची उडवी यांपासून खोप निदान १५ ते २० फूट दूर असावी; आग लागल्यास ती पसरणार नाही आणि विंचू-साप घरात शिरणार नाहीत. घरामागील डोंगराचा उतार खणून खोपीसाठी जागा सपाट करू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळून झालेली जीवितहानी या परिसरास विसरता येण्याजोगी नाही. घरालगतचा उतार तोडण्याचे लहानसे कामही तज्ज्ञांस विचारल्यावाचून करू नये.

आपल्याकडे पाऊस मुख्यतः नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून झोडपतो. म्हणून खोपीची पाठ त्या दिशेस व तोंड पूर्वेस किंवा ईशान्येस ठेवावे.

दोन खणांच्या खोपीस लांबी १२ फूट व खोली ४ फूट पुरते. पुढे तीन व मागे तीन असे सहा खांब लागतात. खांब दोन फूट खोल पुरावेत. पुरावयाचा भाग व त्यावरील वीतभर जागा डांबराने माखावी, म्हणजे वाळवी व कूज यांपासून बचाव होतो. त्याहून चांगले म्हणजे खांब दगडी किंवा सिमेंटच्या बैठकीवर उभे करणे. पत्र्याचे छप्पर घालावयाचे असल्यास जमिनीपासून पुढील खांब आठ फूट व मागील खांब साडेसहा फूट उंच ठेवावेत. छप्पर पुढे दीड फूट व मागे दोन फूट बाहेर काढावे. कौले किंवा गवत घालावयाचे असल्यास उतार अधिक लागतो. अशा वेळी मध्ये आढे घेऊन दुपाखी छप्पर करावे. जुन्या घराच्या मोडणीतील वासे, रिपा व कौले या कामास उत्तम उपयोगी पडतात. नवे लाकूड तोडण्याची गरज नाही.

तळ जमिनीपासून एक फूट उंच असावा. दगडांच्या किंवा विटांच्या ओळींवर बल्ल्या टाकून त्यांवर बांबू किंवा जुन्या फळ्या दोन-दोन बोटांचे अंतर सोडून बसवाव्यात. तळाखालून वारा खेळला पाहिजे आणि तेथे झाडू फिरविता आला पाहिजे. तळाखाली भंगार साठवू नये.

बाजूंस भिंती बांधू नयेत. पाठीस व दोन्ही आखूड बाजूंस बांबूच्या चिवाट्या चार-चार बोटांच्या अंतराने आडव्या बांधाव्यात. पावसाळ्यापुरत्या त्यांवर कारवीच्या कुडाच्या किंवा झावळ्यांच्या ताट्या बाहेरून बांधाव्यात. ताटी वरून खाली किंचित बाहेर झुकती ठेवल्यास झडीचे पाणी आत येत नाही व वारा मात्र खालून शिरतो. दिवाळीच्या सुमारास ताट्या सोडून माळ्यावर ठेवाव्यात. त्या तीन-चार वर्षे टिकतात. पुढील बाजू वर्षभर मोकळीच ठेवावी. मागील पागोळीखाली वीतभर खोल चर काढून पाणी खोपीपासून दूर न्यावे.

थप्पी रचण्याची रीत

लाकडे ओळीने आडवी रचावीत. ढीग ओतू नये. दोन्ही टोकांस चार-चार लाकडे उभी-आडवी आलटून-पालटून रचून चौकटीचे कोपरे करावेत, म्हणजे थप्पी ढासळत नाही. दोन रांगांमध्ये चार बोटे, व मागील चिवाट्यांपासून चार बोटे जागा सोडावी. साल असलेले अंग वरच्या दोन थरांत वर यावे. इतर ठिकाणी फोडलेले अंग वाऱ्याकडे असावे. जाड लाकडे खाली व बारीक काटक्या वर ठेवाव्यात. जुने लाकूड आधी काढावे, नवे मागे राहू द्यावे. लहान मुले थप्पीवर चढणार नाहीत याची काळजी घ्यावी.

पावसाळ्यात उद्याचे लाकूड आजच घरात आणावे व चुलीपासून तीन फूट दूर ठेवावे. पुष्कळ घरांत चुलीवर टांगलेल्या मांडणीत सरपण वाळविण्याची जुनी चाल आहे. ती चांगली आहे. मात्र मांडणी इतकी उंच असावी की ज्वाळा किंवा ठिणगी तिच्यापर्यंत पोहोचू नये. रात्री झोपताना धुमसता विस्तव बंद खोलीत ठेवू नये. त्यातून निघणारा विषारी वायू वासाने कळत नाही व जीव घेतो.

विंचू, साप व कीड

सरपणात विंचू, फुरसे व मण्यार आश्रय घेतात. म्हणून उघड्या हाताने थप्पीत हात घालू नये. प्रथम काठीने लाकूड हलवावे, मग वरच्या थरापासून क्रमाने उचलावे. अंधारात विजेरी न घेता खोपीकडे जाऊ नये. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळणे यांत वेळ न दवडता रोग्यास हालचाल न करू देता तत्काळ सरकारी रुग्णालयात न्यावे. लाल विंचवाचा दंशही कोकणात प्राणघातक ठरत असे. याच जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केल्यापासून असे पुष्कळ रोगी वाचू लागले आहेत. परंतु औषध वेळेवर मिळाले तरच. म्हणून मांत्रिकाकडे जाण्यात घटका दवडू नये.

लाकडातून पिठासारखी पूड पडू लागल्यास ते भुंगेऱ्याचे काम समजावे व तेवढी लाकडे आधी जाळून संपवावीत. सरपणावर कीटकनाशक कधीही फवारू नये. ते धुराबरोबर घरात व अन्नात येते. वाळवीची माती खांबावर चढताना दिसताच खरवडून काढावी.

चुलीकडेही लक्ष द्यावे

वाळलेल्या सरपणाचा पूर्ण लाभ सुधारलेल्या चुलीतच मिळतो. या दिशेने आपल्याकडे फार पूर्वीपासून प्रयत्न झाले आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चूल, १९५३ च्या सुमारास हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी पुरस्कारिलेली बिनधुराची चूल, आणि १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुरू केलेला सुधारित चुलींचा कार्यक्रम ही त्याची उदाहरणे होत. पुष्कळ ठिकाणी या चुली पुढे मागे पडल्या; कारण धुराडे साफ न केल्यास ती कोंदते व धूर परत घरात येतो. धुराडे महिन्यातून एकदा साफ करावे आणि लाकडे बारीक फोडून थोडी-थोडी सरकवावीत. ओल्या लाकडाचे काजळ धुराड्यास लवकर कोंदते, हेही सरपण वाळविण्याचे एक कारण आहे.

सरपण कोठून आणावे

नीट वाळविलेले सरपण कमी पुरते असे नाही, तर कमी लागते. आणि कमी लागते म्हणून डोंगरावरचे एकेक झाड वाचते. परंतु तेवढ्यावर थांबू नये. साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, जांभूळ इत्यादी झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतील असली तरी त्यांची तोड महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्यान्वये परवानगीवाचून करता येत नाही. माथेरानभोवतीचा प्रदेश २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला असून तेथे निर्बंध अधिक आहेत. कोणतेही उभे झाड तोडण्यापूर्वी वनरक्षकाकडे किंवा तहसील कार्यालयात विचारणा करावी.

राबासाठी टहाळ तोडताना पाने व बारीक डहाळ्या राबास पुरतात. त्यांतील अंगठ्यापेक्षा जाड फांद्या वेगळ्या काढून सरपणास ठेवाव्यात. त्या राबात जाळण्याने जमिनीस विशेष लाभ होत नाही व चुलीचे सरपण मात्र वाया जाते.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे सरपण बांधावर पिकविणे. गिरिपुष्प, ज्यास कोकणात उंदीरमारी असेही म्हणतात, याचे तीन फुटी छाट पावसाळ्याच्या आरंभी बांधावर तीन-चार फुटांच्या अंतराने लावावेत. डॉ. नारायण सावंत यांनी रूढ केलेल्या चारसूत्री भात लागवडीत लावणीपूर्वी गुंठ्यास ३० किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात घालण्याची शिफारस आहे. पाला खाचरास व फांद्या चुलीस, असा दुहेरी लाभ होतो. मात्र पाल्याची छाटणी जून-जुलैत होते. त्या वेळच्या फांद्या ओल्या असतात. त्या पावसाळाभर खोपीच्या मोकळ्या खणात सुट्या ठेवाव्यात व दिवाळीनंतर उन्हात घालून पुढील वर्षासाठी वापराव्यात. जाड फांद्यांची छाटणी हिवाळ्यातच करावी, म्हणजे त्याच उन्हाळ्यात त्या वाळतात.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिक अधिक पटते. प्रत्येक वाडीत एका घरी पुढील प्रयोग करून दाखवावा. संक्रांतीच्या सुमारास एकाच झाडाच्या लाकडाचे सारख्या वजनाचे तीन भाग करावेत. पहिला भाग अखंड ठेवून जमिनीवर ढीग करावा. दुसरा भाग फोडून ताडपत्रीत पूर्ण गुंडाळावा. तिसरा भाग फोडून दगडांवर मोकळा रचावा व माथ्यावर फक्त झाकण ठेवावे. दर पंधरा दिवसांनी तिन्हींचे वजन गावकऱ्यांसमक्ष करून फळ्यावर लिहावे. मेअखेर प्रत्येक भागातील दोन-दोन किलो लाकडावर समान मापाचे पाणी उकळून लागलेला वेळ व उरलेले लाकूड मोजावे. हे काम घरातील भगिनींच्या हातून करवावे व निष्कर्षही त्यांनाच सांगू द्यावा. कारण चुलीसमोर त्याच बसतात व डोक्यावरून मोळीही बहुधा त्याच आणतात. खोपीची जागा ठरविताना त्यांचे मत प्रथम घ्यावे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. संक्रांतीपर्यंत फोडणी, अक्षय तृतीयेपर्यंत वाळवण, रोहिणीत झाकण.

२. मनगटापेक्षा जाड लाकूड फोडल्याशिवाय ठेवू नये.

३. माथा झाकावा, बाजू मोकळ्या ठेवाव्यात, तळ एक फूट उचलावा.

४. वजन स्थिर झाले म्हणजे लाकूड वाळले. केवळ वरून पाहून ठरवू नये.

५. दोन खण ठेवावेत : एक यंदाचा, एक पुढील वर्षाचा.

६. थप्पीत उघडा हात घालू नये; दंश झाल्यास थेट रुग्णालय गाठावे.

७. बांधावर गिरिपुष्प लावून डोंगरावरील भार कमी करावा.

खोप बांधण्यास दोन माणसांचे तीन-चार दिवसांचे काम व घरचेच जुने साहित्य लागते. त्या बदल्यात पावसाळ्याचे चार महिने घर धुराविना राहते, मोळ्यांच्या खेपा कमी होतात आणि डोंगरावरील झाडांस वाढण्यास अवधी मिळतो. येत्या दिवाळीनंतर प्रत्येक वाडीत निदान एक तरी अशी खोप उभी राहील, यासाठी कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधु-भगिनींनी मिळून प्रयत्न करावा.